कार्यशाळेचा बेत ऐनवेळी फसला तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत (ओतकाम कारखान्यात) कास्टिंगचं रिजेक्शन, म्हणजे दोषामुळे नाकारले जाणारे ओतीव भाग, कमी करायला २४ जणांची दिवसभराची कार्यशाळा ठेवलीत. निम्मे लोक पाऊण तास उशिरा आले, मॅनेजरसाहेब समोर बसल्यामुळे कुणी तोंड उघडेना, आणि अर्ध्याजणांना मराठीपेक्षा कन्नड सोयीचं होतं. अशा वेळी जागच्या जागी काय बदलायचं?

वेळ गेली की सगळंच थोडं थोडं घाईने उरकावंसं वाटतं. तसं करू नका. मधला एखादा अख्खा भाग सरळ काढून टाका. शेवटच्या अर्ध्या तासाला मात्र हात लावायचा नाही, कारण कोण, काय, कुठल्या तारखेपर्यंत करणार हे तिथे ठरतं. काय गाळायचं हे आदल्या दिवशीच ठरवा: प्रत्येक भागापुढे 'गेला तरी चालेल', 'निम्मा करता येईल' किंवा 'राहिलाच पाहिजे' असं लिहून ठेवा. पहिली कात्री ओळखपरेडीला. प्रत्येकी २ मिनिटं धरली तरी २४ जणांची ४८ मिनिटं जातात, आणि एका शॉपमधली, म्हणजे कारखान्याच्या एकाच विभागातली, माणसं एकमेकांना ओळखतातच.

गप्प बसलेल्या लोकांना तोच प्रश्न मोठ्याने पुन्हा विचारून काही होत नाही. १ मिनिट एकट्याने लिहा, २ मिनिटं जोडीत बोला, ४ मिनिटं चौघांत, मग ५ मिनिटं सगळ्यांसमोर. लिबरेटिंग स्ट्रक्चर्स या गटचर्चेच्या पद्धतींच्या संचातली ही पद्धत १२ मिनिटांत होते. २४ जणांचे चौघांचे सहा गट बरोबर पडतात. समोर येतं ते चौघांचं मत, त्यामुळे एकट्यावर शेकत नाही.

साहेबांचं काय? सगळ्यांदेखत 'जरा बाहेर बसा' म्हणायचं नाही. चहाच्या सुट्टीत बाजूला घेऊन त्यांना खरंखुरं काम द्या: गेल्या तीन महिन्यांच्या रिजेक्शनची दोषांप्रमाणे विभागणी, ४० मिनिटांत. परत आल्यावर त्यांनी शेवटी बोलायचं, आणि तक्त्यावर पसंतीच्या मुद्द्यापुढे ठिपके लावून मत देताना ठिपकाही शेवटीच लावायचा. नाहीतर त्यांचा ठिपका जिथे पडेल तिथेच बाकीच्यांचे पडतात. बाहेर जायला तयार नसतील तर कडेच्या टेबलावर बसवून फक्त टिपणं घ्यायला सांगा.

भाषेची अडचण सीमाभागात नेहमीचीच, पण तिच्यावरचा नेहमीचा उपाय महागात पडतो. प्रत्येक वाक्याचं भाषांतर करत बसलात की वेळ दुप्पट लागतो. सूचना आधीच दोन्ही भाषांत चार्ट पेपरवर लिहून ठेवा आणि कन्नड मजकूर शॉपमधल्याच कुणाकडून आदल्या संध्याकाळी वाचून घ्या. चिठ्ठ्या ज्याला जी लिपी येते त्या लिपीत. लिहायला संकोच वाटणाऱ्यासाठी टेबलावरचा दुसरा कुणी लिहील. दोन्ही भाषा येणाऱ्या एकाच माणसाला दर वेळी उभं करू नका, तो दुभाषा होऊन बसतो आणि त्याचं स्वतःचं म्हणणं राहून जातं. सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे रिजेक्ट झालेली पाच-सहा कास्टिंग टेबलावर ठेवा आणि खडूने दोषाभोवती गोल काढायला सांगा. ब्लो होल (वायूमुळे पडलेलं छिद्र) किंवा कोल्ड शट (धातूचे दोन प्रवाह नीट न जुळल्याची रेघ) बोटाने दाखवता येतो.

मग वाद होईलच. मोल्डिंगवाले म्हणणार धातू थंड होता, भट्टीवाले म्हणणार साच्याची वाळू ओली होती. निवाडा तुम्ही करायचा नाही. तसाही कोल्ड शट आणि ब्लो होल यांची कारणं बहुधा वेगळी असतात, त्यामुळे दोघंही आपापल्या जागी बरोबर असू शकतात. दोन्ही म्हणणी 'तपासायचं' अशा रकान्यात लिहा आणि विचारा, कुठला आकडा पाहिला की हे मिटेल? ओततानाचं तापमान, वाळूतला ओलावा. कोण मोजणार, कुठल्या हीटला (भट्टीतल्या वितळीच्या कुठल्या खेपेला)? एवढं लिहून झालं की पुढे चला.

बारीकसारीक: वीज गेली तर प्रोजेक्टर बंद, म्हणून मुख्य तक्ते कागदावरच हवेत. पंख्याखाली चिकटचिठ्ठ्या उडतात, मास्किंग टेप जवळ ठेवा. चिठ्ठी वर ओढून काढली की वळते आणि भिंतीला धरत नाही. कडेने सोलून काढा. चहाची वेळ बदलणार असाल तर कँटीनला किमान २० मिनिटं आधी निरोप द्या. आणि जबाबदाऱ्यांचा तक्ता गुंडाळण्याआधी प्रत्येकाला आपल्या नावापुढे तारीख स्वतःच्या हाताने लिहू द्या, मगच मोबाइलवर फोटो काढा.