कुळागरातला डबा आणि पर्वरीतला मोबाइल

प्रश्न : आमचं सावईवेऱ्याला कुळागर (सुपारी-नारळाची बाग) आहे, घरात आता कायमचं कोणी राहत नाही, मी पर्वरीला असतो. तिकडे चार कॅमेरे, त्यांचा रेकॉर्डर, सोलरचा इन्व्हर्टर आणि पंपाचा कंट्रोलर असं सगळं एकाच राउटरला जोडलंय. कॅमेरेवाला म्हणाला पोर्ट फॉरवर्डिंग करून देतो, म्हणजे राउटरमधे बाहेरून आत यायची वाट उघडून देतो, दोन तास बसला, पण बाहेरून काहीच उघडत नाही. आता म्हणतो स्टॅटिक आयपी, म्हणजे इंटरनेटवरचा आपला स्वतःचा कायमचा पत्ता घ्या. घेऊ, का तो गेटवे नावाचा डबा बसवू?
– एक वाचक, पर्वरी

उत्तर : उघडलं नाही ते बरंच झालं म्हणायचं!

आधी एक बघा. राउटरच्या पानावर वॅन आयपी (राउटरचा इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) असं लिहिलेलं असतं, तो आकडा १००.६४ पासून १००.१२७ पर्यंत कुठूनही सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात. म्हणजे इंटरनेटवाल्याने एकच बाहेरचा पत्ता बऱ्याच घरांत वाटून दिलाय, हे आकडे त्यासाठीच २०१२ मधे बाजूला काढून ठेवलेत. तुमच्या कॅमेरेवाल्याने घराचं दार उघडलं खरं पण वाड्याचं फाटक बंदच, आणि त्याची किल्ली तुमच्याकडे नाही, मग दोन तास काय आणि दोन दिवस काय.

स्टॅटिक आयपीने फाटक उघडेल, पण मग रस्त्यावरून जाणारा कोणीही येऊन कडी वाजवणार. २०१६ ला मिराई नावाचा प्रकार झाला होता त्यात हेच झालं, कारखान्यातून आलेली साठेक यूजरनेम-पासवर्डची जोडपी एकेक करून लावायची आणि जे उघडेल ते आपलं, असे लाखो कॅमेरे आणि राउटर त्या टोळीत गेले. तुमच्या रेकॉर्डरचा पासवर्ड बदललाय का, खरं सांगा. आणि इन्व्हर्टर किंवा पंपाचा कंट्रोलर जर मॉडबस (यंत्रांना हुकूम द्यायची जुनी भाषा) बोलत असेल, पोर्ट ५०२ वर, तर तिथे साधारण पासवर्ड हा प्रकारच नसतो, जो पोचला तो मालक. विहिरीत पाणी नाही आणि रात्री दोनला पंप चालू, चालेल?

म्हणून डबा. डब्याचं काम एवढंच की तो आतून बाहेर फोन लावतो आणि लाइन धरून ठेवतो, तुम्ही त्याच लाइनवरून आत जाता. बाहेरून आत यायला दार ठेवायचंच नाही, त्यामुळे सीजीनॅट असो नसो, फरक पडत नाही. रास्पबेरी पाय (तळहाताएवढा संगणक) चालतो, जुना मिनी पीसी चालतो, ओपनडब्ल्यूआरटी ही लिनक्सवाली प्रणाली टाकलेला राउटरही चालतो. आत वायरगार्ड, म्हणजे दोन ठिकाणांमधे इंटरनेटवरून कुलूपबंद बोगदा करणारा व्हीपीएन, तो २०२० पासून लिनक्सच्या कर्नलमधेच (गाभ्यातच) आहे. स्वतःचा सर्व्हर भाड्याने घेऊन करता येतं, पण घरच्यासाठी मी टेलस्केल ही तयार सेवा सांगेन, खाली वायरगार्डच आहे आणि सर्व्हर सांभाळायची कटकट नाही. डब्याला सबनेट राउटर करायचं, म्हणजे त्याच्यामार्फत घरातल्या बाकी उपकरणांपर्यंत पोचता येतं, लिनक्समधे आयपी फॉरवर्डिंग चालू करायचं, आणि टेलस्केलच्या अ‍ॅडमिन पानावर जाऊन तो रूट मंजूर करायचा, हे शेवटचं लोक विसरतात आणि मग म्हणतात डबा दिसतो पण कॅमेरा दिसत नाही. कॅमेऱ्यात वगैरे काही टाकावं लागत नाही.

पण या सगळ्याच्या आधी कुळागरातल्या राउटरचा नंबर बदला. तिकडे १९२.१६८.१ आणि पर्वरीतही १९२.१६८.१ असेल तर मोबाइलला कळणार कसं कुठल्या घरात जायचं ते? तिकडे १९२.१६८.५७ करा, काहीही करा, फक्त वेगळं करा, आणि पंप, इन्व्हर्टर, रेकॉर्डर सगळ्यांचे पत्ते राउटरमधे पक्के करून टाका.

आता माझीच एक फजिती. केरी-सत्तरीला एका ओळखीच्यांकडे मी पाय आणि साधा वायरगार्ड असं बसवलं आणि शहाणपणा करून डब्याचा सगळाच ट्रॅफिक बोगद्यातून नेला. जूनमधे लाइट गेली, आली, बोगदा काही उठेना. भर पावसात तिथे गेलो तर इंटरनेट चालू, डबा चालू, सगळं चालू! तासभर डोकं खाजवल्यावर घड्याळ बघितलं, ते मागे. त्या पायमधे सेलवालं घड्याळ नाही, लाइट गेली की वेळ मागच्या कधीतरीची धरतो, आणि वायरगार्ड पहिल्या निरोपात वेळ पाठवतो, ती आधीच्या निरोपापेक्षा जुनी दिसली की समोरचा दारच उघडत नाही. बरोबर वेळ इंटरनेटवरून घ्यायची तर ती बोगद्यातून, आणि बोगदा वेळ बरोबर असल्याशिवाय नाही. बसा! शेवटी नाणं-सेलवालं छोटं घड्याळ लावलं, आणि बोगद्यात फक्त आपल्या लोकांचा ट्रॅफिक ठेवला. साध्या वायरगार्डमधे पर्सिस्टंट कीपअलाइव्ह (लाइन जागी ठेवायला ठरावीक वेळाने छोटा निरोप) २५ सेकंद तेवढं टाका, नाहीतर मधला नॅट, म्हणजे एक पत्ता अनेकांत वाटणारा, लाइन विसरतो. टेलस्केलमधे हे टाकावं लागत नाही.

राउटरला, फायबरच्या डब्याला आणि या डब्याला मिळून एक छोटा यूपीएस घ्या. पंपाच्या खोपीपर्यंत तांब्याची लॅन वायर ओढली असेल तर ती काढून वायरलेस किंवा फायबर करा, मे महिन्यातल्या गडगडाटात वीज त्या वायरीतूनही घरात येऊ शकते.

आणि सगळं झाल्यावर लगेच परत निघू नका. मेन स्विच बंद करा, यूपीएसही काढा, चहा घ्या, मग चालू करा आणि मोबाइलचं वायफाय बंद करून बघा पंपाचं पान उघडतंय का. रेंज नसेल तर वर रस्त्यापर्यंत चालत जा.

प्रश्न : टेलस्केल लावून सहा महिने मस्त चाललं, आणि ऐन चवथीच्या तोंडावर डबा ऑफलाइन. कोणी हात लावला नाही, लाइटही गेली नव्हती.
– एक वाचक, डिचोली

उत्तर : हात लावला नाही म्हणूनच. टेलस्केलची की, म्हणजे डब्याच्या लॉगिनची किल्ली, १८० दिवसांनी संपते, तशी सेटिंग मुळातच असते. मोबाइल हरवला तर बरं म्हणून ठीक, पण माणूस नसलेल्या घरातल्या डब्याला नको. आता एकदा तिथे जाऊन परत लॉगिन करा आणि अ‍ॅडमिन पानावर त्या डब्यापुरती की एक्स्पायरी बंद करून टाका. तिथेच असताना कोणाला काय दिसावं तेही ठरवा, भाच्याला कॅमेरे दिसले तर दिसले, पंपाचा बटण कशाला?

लॅपटॉप आणि लॅन वायर घेऊन गेलात तर बहुतेक मॉनिटर लागणार नाही. लागलाच तर पाय ४ ला मायक्रो एचडीएमआय लागते, साधी बसत नाही, मी एकदा त्यासाठी डिचोलीहून फोंड्याला परत आलोय.