तिसऱ्या दिवसाचा मेसेज

‘ताई, एनएसएसच्या मैत्रिणींसोबत मी इन्स्टाग्रामवर सिगारेटविरोधी पेज चालवते. कॉलेजच्या गेटसमोरच्या टपरीवर माझा जवळचा मित्र सिगारेट ओढतो, त्याचं रील टाकलं. शूटिंग पंधरा दिवसांपूर्वीचं, चेहराही ब्लर केला होता. अठरा हजार व्ह्यूज आले, पण बॅगेवरून सगळ्यांनी त्याला ओळखलं. आता तो बोलत नाही. मी चांगल्यासाठीच केलं ना? आदल्या रात्री एकला त्याचा “आज तिसरा दिवस” असा मेसेज आला होता, एडिटिंगच्या गडबडीत बघायचा राहिला. तरुणांपर्यंत पोचायला अजून काय करू?’
– टी. वाय.ची विद्यार्थिनी, सांगली

अगं, व्ह्यूज राहू देत. तो मेसेज तू नीट वाचलास तरी का? कसला तिसरा दिवस, असं वाटलं तुला?

पोरगा सिगारेट सोडत होता! सोडल्यावरचे पहिले तीन-चार दिवसच सगळ्यांत वाईट. डोकं भणभणतं, झोप उडते, उगाच कुणावर तरी खेकसावंसं वाटतं. तलफ आली की पाच-दहा मिनिटं दात-ओठ खाऊन काढायची असतात. ती काढायला रात्री एक वाजता त्यानं तुला हाक मारली आणि दुसऱ्या दिवशी तू त्याला गावभर सिगारेट ओढताना दाखवलंस.

रीलच काढायचं होतं तर टपरीचं काढायचंस. २००३च्या कायद्यानं कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकता येत नाही.

तुझ्या हातातल्या फोननं सिगारेट सुटते, पण अशी नाही. २०११ साली ब्रिटनमधल्या ५,८०० जणांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. त्यात धीर देणारे, तलफेच्या वेळी सोबत करणारे मेसेज ज्यांना मोबाईलवर जात होते, त्यांतले सहा महिन्यांनी सुमारे ११ टक्के सुटलेले होते. बाकीच्यांत ५ टक्केही नाहीत. त्यात कुणाचा फोटो नव्हता की कुणाची लाज काढलेली नव्हती.

तेव्हा आत्ता, हे वाचता वाचताच, रील डिलीट कर. मग त्याच जुन्या मेसेजखाली लिही : ‘चुकले. रील काढून टाकलंय. आज कितवा दिवस?’ ‘परत ओढलीस का?’ हे विचारायचं नाही. ओढली असेल तर तो पुन्हा पहिला दिवस म्हणेल, तुला चालायला हवं. सरकारची १८००-११-२३५६ ही फुकट हेल्पलाईन आहे, नंबर पाठवून ठेव. उत्तर आलं नाही तरी उद्या पुन्हा लिही, परवाही लिही, आणि रात्री फोन सायलेंटवर टाकू नकोस.

पेजचं पुढल्या महिन्यात बघू.