गोळ्या थांबल्या की हिमोग्लोबिन पुन्हा उतरतं, तर नेमकं काय तपासायचं?

तुम्ही लिहिलंय की पत्नीचं वय ४१, हिमोग्लोबिन ८.६. तीन महिने लोहाच्या गोळ्या घेतल्या की ११ पर्यंत चढतं, बंद केल्या की वर्षभरात पुन्हा तिथेच. घरचे म्हणतात बायकांचं असंच असतं, बीट-गूळ द्या.

बायकांचं असं नसतं. गोळ्यांनी हिमोग्लोबिन चढतंय, याचा अर्थ लोह बऱ्यापैकी शोषलं जातंय. थांबवल्यावर उतरतंय, म्हणजे बहुधा ते कुठून तरी जातंय, आणि ती जागा शोधायलाच हवी. शिवाय ११ वर थांबणं लवकर झालं. गरोदर नसलेल्या बाईचं हिमोग्लोबिन निदान १२ हवं, आणि ते नॉर्मल झाल्यावरही साधारण तीन महिने गोळ्या चालू ठेवाव्या लागतात, तेव्हा कुठे शरीरातलं लोहाचं कोठार भरतं.

मी इंदूरला एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. डॉक्टर नाही, पण असे रिपोर्ट रोज हातातून जातात.

आधी ही कमतरता लोहाचीच आहे ना, ते पक्कं करा. सीबीसीत, म्हणजे रक्तपेशींच्या साध्या तपासणीत, एमसीव्ही (लाल पेशींचा सरासरी आकार) ८० च्या खाली असला की पेशी लहान आहेत, इतकंच कळतं. थॅलेसेमिया मायनरमध्येही, म्हणजे आईवडिलांकडून आलेल्या हिमोग्लोबिनच्या सौम्य दोषातही, त्या लहानच असतात. आपल्या शहरात सिंधी वस्ती मोठी आहे आणि त्या समाजात मायनरचं प्रमाण जास्त, म्हणून इथले डॉक्टर हे आवर्जून बघतात, पण मायनर कुणातही निघू शकतो. पेशी लहान असूनही आरबीसी काउंट (लाल पेशींची संख्या) ५० लाखांच्या वर असेल तर एचबीए२ ची (हिमोग्लोबिनचा एक प्रकार, मायनरमध्ये तो वाढतो) तपासणी करून घ्यावी. लोह फार कमी असताना एचबीए२ थोडं खाली दिसू शकतं, हे लक्षात असू द्या.

लोहासाठी खरी तपासणी फेरिटिनची, त्यातून शरीरात साठलेलं लोह कळतं. १५ च्या खाली म्हणजे कमतरता नक्की, पण ३० च्या खालीही बरेच डॉक्टर ती धरतात. बऱ्याच रिपोर्टांवर नॉर्मलची खालची हद्द १०-१२ च्या आसपास छापलेली असते, त्यामुळे १४ फेरिटिनवालीही ‘नॉर्मल आहे’ म्हणून घरी जाते. मला याचं फार वाईट वाटतं. ताप किंवा संसर्ग असताना फेरिटिन खोटं वर जातं, तेव्हा बरं वाटल्यावर रक्त द्या.

आता कारण. या वयात पहिला संशय पाळीवर. रक्त द्यायला आलेल्या एक काकू मला म्हणाल्या, “पाळी अगदी नॉर्मल आहे हो.” मग बोलता बोलता निघालं की पहिले दोन दिवस त्या घराबाहेर पडत नाहीत, रात्री खाली जाड टॉवेल घालून झोपतात, आणि लग्नकार्याची तारीख आधी कॅलेंडरवर बघतात. “आमच्या आईचंही असंच होतं, बहिणीचंही.” घरात सगळ्यांचंच तसं, म्हणून ते नॉर्मल. मायलेकी-बहिणी सगळ्यांनाच जास्त जात असेल तर रक्त गोठण्यातला आनुवंशिक दोष, विशेषतः फॉन विलब्रँड, डॉक्टरांना विचारण्यासारखा असतो.

म्हणून वहिनींना ‘पाळी नीट आहे का’ असं विचारू नका. पॅड किती वेळात भिजतो, रात्री उठून बदलावा लागतो का, रुपयाच्या नाण्याएवढ्या गाठी पडतात का, सात दिवसांच्या पुढे जाते का, हे विचारा. तुमच्यासमोर संकोच वाटत असेल तर त्यांना डॉक्टरांशी एकट्याने बोलू द्या. एका पाळीत ८० मिली रक्त गेलं तर सुमारे ४० मिलिग्रॅम लोह गेलं. जेवणातून दिवसाला शोषलं जातं ते एक-दोन मिलिग्रॅम, आणि रोजचा खर्चही त्यातूनच भागायचा असतो. हा हिशोब बीट-गुळाने जुळत नाही.

असं काही निघालं तर स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. सोनोग्राफीत फायब्रॉइड (गर्भाशयातली गाठ) किंवा ॲडिनोमायोसिस (आतलं अस्तर गर्भाशयाच्या भिंतीत शिरणं) दिसतं का ते बघतील, थायरॉइड तपासतील, कॉपर-टी बसवली असेल तर तेही सांगा. पंचेचाळिशीनंतर रक्तस्राव वाढला असेल तर गर्भाशयाच्या आतल्या अस्तराची बायोप्सीही सुचवतात.

पाळी खरोखर कमी जात असेल तर पोटाकडे वळा. डोकेदुखी-गुडघेदुखीच्या गोळ्या सतत घेणं, मूळव्याध, जंत, जठरातला एच. पायलोरी जंतू, वर्षानुवर्षं चालू असलेली ॲसिडिटीची गोळी, सगळं सांगा. सीलिएकसाठी (गव्हातल्या ग्लुटेनमुळे होणारा आतड्याचा आजार) टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी पाळी जास्त असली तरी करावी. ती होईपर्यंत पोळी बंद करू नका, गहू सोडल्यावर ती खोटी निगेटिव्ह येऊ शकते. आणि घरात पाळी गेलेल्या आई किंवा सासूबाईंना लोहाची कमतरता निघाली, तर त्यांचा क्रम वेगळा: एंडोस्कोपी आणि कोलोनोस्कोपीबद्दल आधी विचारा. त्या वयात आतड्याचा कॅन्सर कधी कधी फक्त ॲनिमियातूनच समजतो.

खाण्याबद्दल थोडंच. पोह्यांवर लिंबू पिळतो ते चांगलं, त्याने लोह जास्त शोषलं जातं, पण लगेच वर चहा घेतला की तेच शोषण अडतं. चहा तासभर नंतर घ्यावा. कॅल्शियमची गोळीही लोहाबरोबर नको.

जुने सगळे सीबीसी तारखेनुसार लावून बरोबर न्या. फेरिटिनचं रक्त देऊन झालं की कारण सापडायची वाट न बघता डॉक्टरांना विचारून गोळ्या लगेच सुरू करा. गोळ्यांनी शौच काळी होते, घाबरू नका. गोळ्या चालू नसताना डांबरासारखी काळी झाली तर मात्र त्याच दिवशी दाखवा. बसल्या जागी धाप लागली, छातीत दुखलं किंवा चक्कर येऊन पडल्या तर ओपीडीची वेळ बघू नका, सरळ इमर्जन्सीत न्या.