अणुवीज ग्रिडला जोडताना: आधी एवढंच बघ

लोड फ्लोच्या मॉडेलमध्ये (ग्रिडमध्ये कुठून कुठे किती वीज वाहते, त्याच्या गणितात) तू तारापूरचं अणुकेंद्र कोळशाच्या केंद्रासारखंच बसवलंस ना? सगळे तेच करतात. मीही केलं होतं, घाबरू नकोस.

पहिली चूक तिथेच होते. अणुकेंद्र ग्रिडला वीज देतं तसं ग्रिडकडून मागतंही. तारापूरच्या ५४० मेगावॅटच्या युनिटमधली विखंडनक्रिया थांबली, तरी त्या क्षणी औष्णिक शक्तीच्या ६-७ टक्के उष्णता उरतेच, म्हणजे शंभर मेगावॅटच्या वर. ती काढायला पंप हवेत, पंपांना वीज हवी. फुकुशिमात २०११ साली भूकंपाने आधी बाहेरून येणारी वीज गेली. डिझेल जनरेटर त्सुनामीने नंतर बुडवले. म्हणून बाहेर जाणाऱ्या लाइन मोजून थांबू नकोस. केंद्र बंद असताना आत वीज कुठून येणार, हे आधी लिही. एकाच टॉवरवरच्या दोन सर्किटना दोन स्वतंत्र वाटा धरू नकोस.

बाकी दोनच गोष्टी:

- सगळ्यात मोठं युनिट अचानक गेलं, तर फ्रिक्वेन्सी किती घसरते? ढोबळ नियम असा, की एक युनिट ग्रिडच्या क्षमतेच्या १० टक्क्यांहून मोठं नको.
- ट्रिप झालेली, म्हणजे अचानक बंद पडलेली अणुभट्टी लगेच परत येईल असं धरू नकोस. आत झेनॉन साचतो; हा वायू न्यूट्रॉन गिळतो आणि विखंडन परत सुरू होऊ देत नाही. तारापूरच्या त्या युनिटसारख्या जडपाण्याच्या भट्टीत तो साचण्याआधी परत सुरू करायची संधी हुकली तर साधारण दीड दिवस वाट बघावी लागते.

ट्रान्झियंट स्टॅबिलिटी, रिले कोऑर्डिनेशन वगैरेला सध्या हात लावू नकोस. केंद्र बंद असताना आत वीज कुठून येणार, त्याचं एकरेषीय आकृतीचित्र (प्रत्येक सर्किटला एकच रेघ) काढ, हाताने, कागदावर. मग बोलू.