किनाऱ्यावर फुकट मिळणाऱ्या शिंपल्यांच्या दागिन्यांची किंमत कशी ठरवावी, आणि तार कोणती वापरावी?

तुम्ही लिहिलंय की शिंपल्या, बिया, करवंट्या सगळं किनाऱ्यावर फुकट मिळतं, खर्च काय तो मण्यांचा आणि तारेचा, मग माळेला किती लावू. तारेचं सांगते. पण आधी तो 'फुकट' शब्द तेवढा खोडा.

हाच शब्द मी आमच्या भावजींच्या तोंडून ऐकलाय, तोही गिऱ्हाइकासमोर. आमचं घर सिंधुदुर्गातल्या शिरोड्याला, वेळागरच्या किनाऱ्यावर चालत जाता येतं इतकं जवळ. गणपतीत मुंबईची पाहुणी मंडळी पडवीत बसली होती. त्यातल्या एका ताईंनी माझी माळ उचलली. शिंपल्यांची, मध्ये करवंटीच्या चकत्या आणि जुन्या तोरणातले दोन पितळी मणी. तीनशे म्हटलं. त्या पर्स उघडणार, तेवढ्यात भावजी झोपाळ्यावरून म्हणाले, "वयनी, तीनशे कसले? ह्या तर वेळार पडलेला असता, फुकट!" आमच्याकडे किनाऱ्याला वेळ म्हणतात. ताईंचा हात पर्समध्येच थांबला आणि त्या शंभरावर आल्या. मीही, गणपती आहेत, घरची पाहुणी आहे, म्हणून दिली शंभरला. भावजींवर राग आहेच, पण त्याहून जास्त त्या शंभराच्या नोटेवर आहे.

आता त्या माळेचा हिशोब ऐका. शिंपल्या आदल्या उन्हाळ्यात वेचलेल्या, ओहोटीला, पहाटे, कारण ऊन चढलं की वाळूवर नजर ठरत नाही. टोपलीभर वेचावं तेव्हा मूठभर कामाच्या निघतात: कडा शाबूत, रंग टिकलेला आणि आत जीव नसलेल्या. एकदा एक शंख आणून पडवीत ठेवला तर रात्रीत तो चालत तुळशीपर्यंत गेला! आत खेकडा होता. सकाळी त्याला परत नेऊन सोडला, ती एक खेप वेगळीच. मग उकळा, घासा, वाळवा. तरी वास राहिला तर आठवडाभर मुंग्यांच्या हवाली करा. भोक पाडायला हातड्रिल, १ मिमीचं पातं, आणि शिंपली ताटलीत पाण्याखाली धरायची. कोरडी धरली तर तापून तडकते आणि तिची धूळ छातीत जाते. पाण्याखालीही दहातल्या तीन-चार फुटतातच. त्या माळेत २६ शिंपल्या होत्या. करवंटीच्या चकत्या पॉलिशपेपरवर घासून खोबरेल लावलेल्या. वेचण्याचे दिवस सोडा, निव्वळ हातकामाचेच दोन दिवस गेले. तेवढे दिवस कुणाच्या काजूत कामाला गेले असते तर रोख मजुरी मिळाली असती आणि झोपाळ्यावरून कुणी बोललंही नसतं.

आमचं शिरोडं म्हणजे १९३० साली मिठाचा सत्याग्रह झालेलं गाव. मिठागरात समुद्राचं पाणी फुकटच येतं, ऊनही फुकट. म्हणून मीठवाल्याला कुणी म्हणतं का, खाडीतलंच आहे, गोणी अशीच द्या? हे मला तेव्हा सुचलं नाही, रात्री भांडी घासताना सुचलं. तुम्हाला आयतं देतेय, वापरा.

किमतीचं म्हणाल तर तुमच्याकडे चालू असलेली दिवसाची मजुरी धरा, फूटतूट धरा, तार-मणी-हूक धरा. पाटवेकऱ्याकडे दागिना गाठवायला दिला तर सोनं आपलं असतं, तरी तो मजुरी घेतोच ना? बाजारातल्या माळांशी भाव जुळवायला जाऊ नका, तिथे यंत्राने भोकं पाडलेल्या शिंपल्या किलोवर येतात.

आता तार. 'गोल्डन' म्हणून स्वस्तात मिळणारी गुंडी घेऊ नका. बहुतेकदा आत लोखंड असतं आणि आमच्या खाऱ्या हवेत एका मिरगात ते गंज धरतं. मोटार वाइंडिंगवाल्याकडे इनॅमल चढवलेली तांब्याची तार वजनावर मिळते. गुंडाळायला २६ गेजची बारीक, कड्या-आकड्यांना २०ची जाड. पकडीच्या तोंडाला चिकटपट्टी लावा, नाहीतर थर खरवडला जातो आणि नेमकी तिथूनच काळी पडते. कानात जाणारा हूक मात्र स्टीलचाच. पितळी मणी ओवायच्या आधी आमसुलाच्या पाण्यात घासून घ्या, ओवल्यावर नाही. शिंपल्या भाजून चुना करतात, आंबटात त्या विरणारच. माझी एक अख्खी माळ अशी पांढरीफटक आणि खरबरीत झालीय.

हे खरं तर वरच लिहायला हवं होतं: पोवळं आणि समुद्रपंखा मेलेले पडलेले दिसले तरी उचलू नका. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात दोन्ही पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहेत, आणि काही मोठे शंखही. 'इंद्रजाल' म्हणून चौकटीत घालून विकतात ना, तो बहुतेकदा समुद्रपंखाच. मालवणच्या सागरी अभयारण्यातून तर काहीच आणायचं नाही. गुंजेला भोक पाडू नका. साल शाबूत आहे तोवर ठीक, टोचली की आतलं विष मोकळं. त्याऐवजी रतनगुंज घ्या, ती मोठी आणि पूर्ण लाल असते. जाळ्याची शिशाची वजनं मण्यांसारखी दिसतात, पण तीही ओवू नका, पोरं तोंडात घालतात. तेव्हा भावजी, वेळार पडलेलं सगळंच उचलायचं नसतं.

भावजींनी आता पर्यटकांसाठी दोन खोल्या काढल्यात. गेल्या मे महिन्यात आले, पाहुण्यांना द्यायला वीस किचेन हव्यात, घरचाच माल, शंभरला लावा म्हणे. मी हातड्रिल, पाण्याची ताटली आणि दहा शिंपल्या पुढे ठेवल्या. सात फुटल्या. मग काही न बोलता वीसच्या वीस दीडशेने घेतल्या. आठवीला भोक नीट पडलं होतं, ती कुणा पाहुण्याला दिली नाही. त्यांच्या गाडीच्या चावीला लटकतेय.