‘बघतो’ म्हटल्याने मुदत थांबत नाही

प्रश्न : जुन्या डिझेल जीपला ऑटोमॅटिक गिअरबॉक्स बसवून घेतला. तो चालवणारा इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर मी स्वतः मागवला आणि वायरिंग ओळखीच्या गॅरेजवाल्याने केलं. ३ ऑगस्टला गाडी ताब्यात मिळाली. १४ सप्टेंबरला चढावर गिअरबॉक्सच्या क्लच प्लेटी जळाल्या. विक्रेता म्हणतो वायरिंग चुकलंय, गॅरेजवाला म्हणतो कंट्रोलरच खराब. व्हॉट्सअ‍ॅपवर दोघेही ‘बघतो, काहीतरी करू’ म्हणत आलेत. या सप्टेंबरात दोन वर्षं होतील. आता विक्रेता कंट्रोलर तपासणीसाठी परत मागतोय. पाठवू का? आणि आधी वकिलाची नोटीस द्यावी का?

उत्तर : चूक कोणाची, हे तुम्ही चार पानं भरून लिहिलंय. ते सध्या बाजूला ठेवा. तुमचं प्रकरण टिकणार की दारातूनच परत येणार, हे ठरवणारी गोष्ट एकच : ग्राहक संरक्षण कायदा, २०१९, कलम ६९. वादकारण, म्हणजे ज्यावरून तक्रार उभी राहते ती गोष्ट, घडल्यापासून दोन वर्षांत तक्रार दाखल व्हायला हवी.

तुम्ही दोन वर्षं १४ सप्टेंबरपासून मोजताय. प्लेटी त्या दिवशी जळाल्या, तेव्हा ते चुकीचं आहे असं मी म्हणत नाही. पण समोरचा वकील ३ ऑगस्टपासूनच मोजेल, कारण सदोष काम त्याच दिवशी तुमच्या ताब्यात आलं. ग्राहक आयोग कोणाचं ऐकेल, यावर पैज लावायची गरज काय? २ ऑगस्टच्या आत दाखल करा, म्हणजे हा वादच उरणार नाही.

‘बोलणं सुरू होतं’ हे कारण मी दर महिन्याला ऐकतो. नुसत्या पत्रव्यवहाराने मुदत वाढत नाही. ‘बघतो’ म्हणणाऱ्याने काही कबूल केलेलं नसतं, तो फक्त दिवस काढत असतो. विलंबमाफीची सोय कलम ६९ मध्येच आहे, पण त्यासाठी ‘पुरेसं कारण’ लागतं आणि गॅरेजवाल्याचा भिडस्तपणा त्यात बसेल असं मला वाटत नाही. तुमचाही नाही.

नोटीस? हा कायदा तक्रारीआधी नोटीस द्यायलाच हवी असं म्हणत नाही. पंधरा दिवसांची नोटीस, मग उत्तराची वाट, मग ‘समेटाचा प्रस्ताव’, यातच तुमचा जुलै संपेल. तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते. दिलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर शुल्कही नाही.

तक्रार दोघांवरही करा. कारण तांत्रिक आहे. जुन्या डिझेल इंजिनाला स्पार्क नसतो, त्यामुळे कंट्रोलरला इंजिनाच्या फेऱ्यांचा सिग्नल अल्टरनेटरच्या ‘डब्ल्यू’ टर्मिनलवरून किंवा फ्लायव्हीलजवळच्या सेन्सरवरून द्यावा लागतो. थ्रॉटल किती दाबलाय हे कळावं म्हणून इंजेक्शन पंपाच्या लिव्हरला वेगळा सेन्सर जोडतात. त्याची पट्टी सरकली किंवा अर्थिंग सैल राहिलं, तर कंट्रोलरला वाटतं गाडी आरामात चाललीय. मग तो ऑइलचं प्रेशर कमी ठेवतो आणि चढावर प्लेटी घसरून जळतात. हे घडलं असेल तर दोष कामाचा. पट्टी जागेवर असून सिग्नल आत चुकीचा वाचला जात असेल तर दोष वस्तूचा. आज हे तुम्हालाही ठाऊक नाही आणि मलाही नाही. एकालाच प्रतिपक्ष केलंत तर तो गैरहजर असलेल्या दुसऱ्याकडे बोट दाखवून मोकळा होईल. शिवाय कलम ८७ मुळे वस्तूत बदल किंवा गैरवापर झाला असेल तर विक्रेत्याविरुद्ध उत्पादन-दायित्वाचा (सदोष वस्तूमुळे झालेल्या हानीच्या भरपाईचा) दावा चालत नाही. म्हणून सगळी भिस्त त्यावर ठेवू नका. विक्रेत्याविरुद्ध सदोष वस्तू आणि गॅरेजविरुद्ध सेवेतली त्रुटी, असं स्पष्ट मांडा.

आता कंट्रोलर. पाठवू नका. त्यात सेटिंग साठवलेलं असतं. विक्रेत्याने ‘अपडेट’ केलं की जुनं पुसलं जाईल, आणि तुमच्या हातात एक छान चालणारा डबा परत येईल. लॅपटॉप जोडून सेटिंगची फाईल कोणाकडून तरी उतरवून घ्या, लेबलचा आणि जोडणीचा फोटो काढा, मग खोक्याला सील लावा. कलम ३८ नुसार आयोग नमुना सील करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो, तसा अर्ज तक्रारीसोबतच द्या. जळालेल्या प्लेटी गॅरेजमध्ये पडल्यात असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. दोन वर्षं! भंगारवाल्याने नेल्या नसतील तर आजच, लेखी पोच देऊन, उचलून आणा.

कायदा म्हणतो तपासणी लागली तर पाच महिन्यांत निकाल. माझ्याकडच्या एका प्रकरणात सील केलेला पंप प्रयोगशाळेतून परत यायलाच चौदा महिने लागले. तेव्हा वाट पाहायची तयारी ठेवा, पण ती दाखल केल्यानंतर.

एक टोचणारा मुद्दा : मोटार वाहन कायद्याचं कलम ५२. नोंदणीतले तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलांशी विसंगत होतील असा बदल मालकाला करता येत नाही, आणि २०१९ नंतर कलम १८२-अ खाली अशा प्रत्येक बदलाला पाच हजार दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. गिअरबॉक्स त्यात येतो का, हे तुमचं आरसी बुक पाहिल्याशिवाय सांगणार नाही. प्रतिपक्ष हे उकरून काढेल हे मात्र नक्की. विमा कंपनीला कळवलं होतं का, हेही लिहा. आणि जीप भाड्याने देत असाल तर आधी सांगा, कारण तो व्यावसायिक वापर झाला आणि मग तुम्ही ‘ग्राहक’ ठरता का इथूनच सुरुवात करावी लागेल.

बिल घेतलं नाही, हे वाचून मी कपाळाला हात लावला. यूपीआयच्या नोंदी आहेत, त्यावर भागेल असं वाटतं. व्हॉट्सअ‍ॅपचं संभाषण आज रात्रीच एक्स्पोर्ट करा आणि तो फोन बदलू नका. अशा पुराव्यासोबत द्यायच्या प्रमाणपत्राचा मसुदा मी पाठवतो.