रिकामी खुर्ची ठेवा, पण फोटोला हार घालू नका

तुमचा प्रश्न मी दोनदा वाचला. तुमच्या शाळेत १६ डिसेंबरला विजय दिवस करतात, आणि तुम्ही कुठेतरी व्हिडिओ पाहिला की अमेरिकेत युद्धकैदी आणि बेपत्ता सैनिकांसाठी एक छोटं टेबल मांडतात, पांढरं कापड, गुलाब, लिंबाची फोड, मीठ, उपडा ग्लास, रिकामी खुर्ची, तर तसं आपण करावं का आणि आपल्याकडे असं काही असतं का. आपल्याकडे तसा कॅलेंडरवरचा दिवस माझ्या तरी पाहण्यात नाही, अमेरिकेत सप्टेंबरचा तिसरा शुक्रवार असतो. पण करावं का, तर नक्की करा, फक्त आपल्या पद्धतीने करा, कारण ते टेबल जसंच्या तसं उचललं तर आपल्याकडे त्याचा अर्थ उलटा होतो. हे जरा सविस्तर सांगतो, कारण हा विषय माझ्या घरातला आहे.

आम्ही सातारा जिल्ह्यातले. माझे पणजोबा पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीच्या दुसऱ्या बटालियनमध्ये शिपाई होते. जून १९४२ मध्ये आफ्रिकेत तोब्रुक पडलं तेव्हा तिथे जी हजारोंच्या संख्येने फौज पकडली गेली त्यात त्यांची पलटणही होती. घरी आधी आलं ते सरकारी पत्र, त्यात एवढंच की बेपत्ता. मेला नाही, जिवंत नाही, बेपत्ता. पणजीचं वय तेव्हा विशीच्या आत. पुढचे आठ-नऊ महिने ती रोज कुंकू लावायची आणि रोज घरातलं कुणीतरी तिच्या कपाळाकडे बघायचं. हळदीकुंकवाला तिला बोलवायचं की नाही हे बायकांना कळेना, म्हणून तीच जाईनाशी झाली. आणि मग एक कार्ड आलं. ते अजून आमच्याकडे आहे, पोस्टकार्डाएवढं, कडा विरलेल्या, छापील ओळी आणि मधल्या रिकाम्या जागेत पेन्सिलीने नाव, नंबर, रँक, तब्येत ठीक आहे. बस. एक वाक्यसुद्धा स्वतःचं नाही. गुरुजींनी ओट्यावर बसून ते वाचून दाखवलं आणि पणजीने घरातला होता नव्हता तेवढा गूळ आळीत वाटला.

पणजोबा इटलीतल्या आवेझ्झानोजवळच्या भारतीय कैद्यांच्या कॅम्पात होते, सप्टेंबर १९४३ मध्ये इटलीने शस्त्रं टाकल्यावर तिथून निसटले आणि काही महिने शेतकऱ्यांनी लपवून ठेवलं, मग दोस्तांच्या फौजेला जाऊन मिळाले. हे सगळं आजोबांकडून कळलं, स्वतः ते बोलायचे नाहीत. फक्त नातवंडं जेवायला टाळाटाळ करायला लागली की 'मांजा, मांजा' म्हणायचे, पोरांना वाटायचं पतंगाचा मांजा, खूप वर्षांनी कुणाला तरी कळलं की इटालियनमध्ये त्याचा अर्थ 'खा' असा होतो, म्हणजे त्या शेतकऱ्याच्या घरातली बाई त्यांना पुढ्यात ताट ठेवून हेच म्हणत असणार.

गावात त्यांचा सत्कार कधी झाला नाही. उलट एकदा चावडीवर कुणीतरी बोललं की तुम्ही तर हात वर केले होते. आजोबा सांगायचे, त्यानंतर पणजोबा चावडीवर गेलेच नाहीत. म्हणून पहिली गोष्ट ही सांगतो की कैदी होऊन परत आलेला माणूस आपल्याकडे मुकाट्याने एका कोपऱ्यात ढकलला जातो, हरलेला म्हणून. १९६२ च्या चीन युद्धात जवळपास ४००० भारतीय सैनिक कैद झाले होते, त्यांच्यात ब्रिगेडियर जॉन दळवींसारखा अख्ख्या ब्रिगेडचा कमांडर होता, किती जणांच्या गावात त्याबद्दल अभिमानाने बोललं जातं? अपुरा दारूगोळा आणि साधे सुती कपडे देऊन हिमालयात पाठवलं तर त्यात त्यांचा काय दोष.

पुण्याचे ग्रुप कॅप्टन दिलीप परुळकर तुम्हाला माहीत असतील. १९७१ ला फ्लाइट लेफ्टनंट होते, विमान पडलं, रावळपिंडीच्या कॅम्पात गेले आणि तिथून १३ ऑगस्ट १९७२ च्या रात्री ग्रेवाल आणि हरीश सिंहजी या दोघांबरोबर भिंतीला भोक पाडून पळाले. अफगाण सीमेच्या अगदी जवळ, लंडी कोतलपर्यंत पोचले. तिथे त्यांनी लंडी खानाच्या रेल्वे स्टेशनबद्दल विचारलं, जे स्टेशन इंग्रजांच्याच काळात बंद झालेलं, तिथल्या लोकांना संशय आला आणि पकडले गेले. सुटून वाघ्यावरून १ डिसेंबर १९७२ ला आले. ऑगस्ट २०२५ मध्ये ते वारले. शाळेत ही गोष्ट सांगा, मुलं श्वास रोखून ऐकतील, आणि कैदी म्हणजे हरलेला माणूस हे डोक्यातून जाईल.

आता दुसरी आणि जास्त अवघड गोष्ट, जे आलेच नाहीत त्यांची.

१९७१ च्या युद्धानंतर पाकिस्तानचे ९३,००० कैदी आपल्याकडे होते, ते १९७४ पर्यंत सगळे परत गेले. आपले सहाशेवर आले. आणि काही आलेच नाहीत. लोकसभेत १९७९ मध्ये पाकिस्तानात असल्याचा संशय असलेल्या ४० जणांची यादी दिली गेली, पुढे ती वाढून ५४ नावांची झाली आणि 'मिसिंग ५४' म्हणून ओळखली जाऊ लागली, आणि नंतरच्या संसदेतल्या उत्तरांत बेपत्ता जवानांचा आकडा ८३ आहे. पाकिस्तान म्हणतं आमच्याकडे कुणीही नाही.

या यादीतलं एक मराठी नाव म्हणजे फ्लाइट लेफ्टनंट विजय तांबे. सुखोई-७ चे पायलट, शोरकोट रोडच्या तळावर हल्ला करताना विमान पडलं. युद्ध चालू असतानाच पाकिस्तानी पेपरात पकडलेल्या भारतीय वैमानिकांत 'टॉम्बे' असं नाव छापून आलं होतं. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनच्या राष्ट्रीय चॅम्पियन, अर्जुन पुरस्कार मिळालेल्या, लग्नाला जेमतेम दीड वर्ष झालेलं. त्यांनी त्यानंतरची सगळी वर्षं मंत्रालयांचे उंबरे झिजवले. मेजर अशोक सुरी यांना तर आधी मृत घोषित केलं होतं, मग त्यांच्या वडिलांना चिठ्ठ्या आल्या, १९७५ च्या चिठ्ठीत कराचीहून लिहिलंय की आम्ही इथे २० ऑफिसर आहोत, अक्षर तपासून झाल्यावर 'मृत' चं 'बेपत्ता' झालं. मेजर घोष यांचा गजांआडचा फोटो टाइम मासिकाच्या २७ डिसेंबर १९७१ च्या अंकात आहे. २००७ मध्ये १४ नातेवाईकांना पाकिस्तानातल्या तुरुंगांत जायला मिळालं, दमयंतीताईही होत्या त्यात, रजिस्टरं बघितली, कोठड्या बघितल्या, आणि रिकाम्या हाताने परत.

मला इथे सगळ्यात जास्त काय लागतं सांगू का, १९४९ च्या जिनिव्हा करारात साफ लिहिलंय की कैदी कॅम्पात आल्यापासून आठवड्याभरात त्याला घरी कार्ड लिहू द्यायचं, आणि लढाई थांबली की विलंब न लावता सोडायचं. म्हणजे आमच्या पणजीला जे कार्ड महायुद्धाच्या धामधुमीत, मुसोलिनीच्या इटलीतून, एका साध्या शिपायाच्या नावाने आलं, ते एका फायटर पायलटच्या बायकोला कधीच आलं नाही. आणि हातात ९३,००० माणसं असताना आपण एकेका नावाचा हिशोब आधी मागायला हवा होता असं माझं स्पष्ट मत आहे, मुत्सद्देगिरी मला कितीही समजावून सांगा.

म्हणून मला विचाराल तर बेपत्ता सैनिकाचा सन्मान म्हणजे शोध चालू ठेवणं. अमेरिकन लोकांचं ते टेबल मला तेवढं मोठं वाटत नाही, पण ते लोक आपल्या अरुणाचलाच्या जंगलात दुसऱ्या महायुद्धात पडलेल्या त्यांच्या विमानातल्या माणसांचे अवशेष शोधत आले आणि २०१६ मध्ये सन्मानाने घेऊन गेले हे मोठं वाटतं. आपल्याकडेही झालंय की. १९६८ मध्ये रोहतांगजवळ हवाई दलाचं एएन-१२ विमान पडलं, १०२ माणसं होती, २००३ मध्ये गिर्यारोहकांना पहिल्यांदा खुणा सापडल्या आणि सप्टेंबर २०२४ मध्ये आणखी चार जण बर्फातून सापडले. ५६ वर्षांनी माणूस घरी आला, त्याच्या गावाने काय केलं असेल त्या दिवशी.

आता तुमच्या कार्यक्रमाचं. खुर्ची ठेवा, ताट वाढून ठेवू नका. आपल्याकडे कुणीच जेवत नाही असं वाढलेलं पान म्हणजे श्राद्धाचं पान, घरच्या माणसाच्या काळजात चर्र होईल. फोटोला हार नको, समोर समई नको, 'अमर रहे' नको, आणि शहीद शब्द तर अजिबात नको. जो माणूस मेला हे कुणी सिद्ध केलेलं नाही त्याला आपण माईकवरून मारतो, आणि समोर त्याची बायको किंवा बहीण बसलेली असते. साधा फोटो ठेवा, खाली नाव, पलटण किंवा स्क्वाड्रन, शेवटचं कधी आणि कुठे दिसले ते.

मग हजेरी घ्या. खरंच, वर्गात घेतात तशी. एक मुलगा एकेक नाव मोठ्याने वाचेल आणि त्यानंतर पाच-दहा सेकंद कुणीच काही बोलायचं नाही, लगेच पुढचं नाव नाही. ५४ नावं होतील, वेळ लागेल, लागू दे. आमच्या गावात पहिल्या महायुद्धाची संगमरवरी पाटी आहे, साताऱ्यात खूप गावांत आहेत, तिच्यावर किती जण गेले आणि किती आले नाहीत एवढे आकडेच आहेत, एकही नाव नाही. मी लहानपणी ती रोज बघायचो आणि तेव्हापासून मला नाव वाचून दाखवणं फार महत्त्वाचं वाटतं.

तुमच्या भागातलं कुणी असेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात विचारा, मराठा पलटणीतलं असेल तर बेळगावला रेकॉर्ड ऑफिस आहे, सर्व्हिस नंबर असेल तर काम सोपं होतं, तो जुन्या डिस्चार्ज बुकात किंवा पेन्शनच्या कागदावर सापडतो. पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांची कार्डं रेड क्रॉसने ऑनलाइन ठेवली आहेत, मोठ्या वर्गातल्या मुलांना शोधायला लावा.

आणि अशा घरातलं कुणी कार्यक्रमाला आलं तर शाल-श्रीफळाची घाई करू नका, आधी शेजारी बसून विचारा, शेवटचं पत्र कधी आलं होतं हो. बहुतेक ते पाठच असेल. आमच्या पणजीला अक्षरओळख नव्हती, पण त्या कार्डावर कुठल्या ओळीत काय लिहिलंय ते बोट ठेवून शेवटपर्यंत सांगायची.